बांगड्याची कातडी

“मॅडम, रिपोर्ट वाचा अन् मला मोकळं करा,” दत्तूआबा म्हणाले. शेजारी त्यांच्या मंडळी, सुमनकाकू, पदर सावरून बसल्या होत्या.

मी बारामतीतल्या एका हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. आबा निरवांगीचे ऊसवाले. एक अटॅक येऊन गेलेला. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, बेसुमार वाढलेली. आणि मटण म्हणजे जीव की प्राण. तीन महिन्यांपूर्वी मोठ्या मिनतवारीनं सौदा ठरला होता. गोळ्या चालू, मटण बंद, त्याऐवजी आठवड्यातून दोनदा बांगडा. रिपोर्ट सुधारला तर आबा मटण कायमचं सोडणार. नाही सुधारला, तर मी पुन्हा तोंड उघडायचं नाही.

तेव्हाही आबांनी वाद घातला होता. “पळसदेवला पाव्हण्याकडं उजनीची चिलापी ताजी मिळती. ह्यो बर्फातला बांगडा कशापायी?”

मी समजावलं. चिलापी धरणातला, गोड्या पाण्यातला मासा; प्रोटीन चांगलं, पण चरबी थोडी. बांगडा समुद्रातला आणि अंगानंच तेलकट. त्या तेलात ओमेगा-थ्री असतं. ही चांगली चरबी शरीराला स्वतःहून पुरेशी बनवता येत नाही, आणि वाईट चरबी उतरायला तिची मदत होते. शिवाय डी व्हिटॅमिन, बी-ट्वेल्व्ह. आबांनी मान डोलावली होती.

रिपोर्ट उघडला. आकडा जागचा हलला नव्हता म्हटलं तरी चालेल.

“काकू, बांगडा करता कसा?”

काकूंचा चेहरा खुलला. “सोमवार, गुरुवार सोडून करती की. मागल्या चुलीवर, येगळ्या भांड्यात. डॉक्टरांनी कोंबडीची कातडी काढा, तर्री काढा म्हणून बजावलेलं. तसंच करती. कातडी सोलती, खालचं काळं मास खरवडून टाकती. उकळी आली की वरचं तेल पळीनं काढती. थेंब ठेवत न्हाय. आमचं मांजर बघा कसं चकाकतंय!”

मला क्षणभर हसू आलं, मग चूक लक्षात आली. कोंबडीला ते बरोबरच होतं. पण बांगड्याचं बरंचसं तेल कातडीखाली आणि त्या काळ्या मांसातच असतं. मी हळूच तसं सांगितलं. काकूंनी तीन महिने जीव लावून जे काढलं, तेच आबांना द्यायचं होतं.

“आबा, अजून तीन महिने. या वेळी कातडीसकट.”

“न्हाय मॅडम. चोथा खाऊन तोंडाची चव गेली. शब्द मी पाळला. आता तुमी पाळा.”

मी पाळला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी काकू स्वतःच्या शुगरसाठी आल्या, एकट्याच. आबा दुसऱ्या अटॅकमध्ये गेले होते. “कातडी ठेवली असती तर ह्ये राहिलं असतं का वो?” त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं: नुसत्या माशानं अटॅक थांबला असता असं कुणीच म्हणू शकत नाही, काकू. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं नाही, हे मला दिसत होतं.

आता नवा पेशंट आला की काय खाता हे मी नंतर विचारते. आधी घरात स्वयंपाक करणारीला बोलावते आणि विचारते, टाकून काय देता?