खडूचे आठ आकडे

आज खंडेनवमीला बायकोनं पान्ह्यांशेजारी एक लाकडी काठी पूजेला ठेवली. काठीच्या टोकाला रबरी कप आहे. तो पाहिला आणि रॉकेलचा वास आठवला.

तीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, घनसावंगीच्या घरी ओसरीत मी जीपचं इंजिन खोललं होतं. दसऱ्याला आईला त्याच जीपनं जांब समर्थला दर्शनाला न्यायचं कबूल केलेलं. इंजिनाचे आठ व्हॉल्व्ह आपापल्याच जागी परत बसावेत म्हणून मी त्यांवर खडूनं एक ते आठ आकडे टाकले होते. खंडेनवमीच्या सकाळी अंघोळ करून आलो, तर आठही व्हॉल्व्ह पाटावर चकाचक, हळदकुंकू लावून मांडलेले. आकडा एकावरही नाही.

"पूजेला मळकं कसं ठेवायचं? रॉकेलनं पुसले," बायको म्हणाली.

मी आईसमोर तिच्यावर नको तेवढा ओरडलो. ती पदर खोचून समोर येऊन बसली.

"मंग आता काय करायचं ते सांगा."

आता प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या नव्या जागेवर घट्ट बसावा म्हणून खरखरीत पेस्ट लावून तिथं घासायचा होता. रबरी कप व्हॉल्व्हला चिकटवून, ताक घुसळावं तशी ती ही काठी तळहातांत फिरवू लागली. तिचा हात माझ्यापेक्षा बराबर चालत होता. संध्याकाळी वरून रॉकेल ओतून पाहिलं. आठांतून एक थेंब गळला नाही. रात्री इंजिन जोडलं आणि दुसऱ्या दिवशी आई जांबला पोचली.

"खडूनं लिहिलं, ही चूक माझीच होती," मी आज म्हणालो.

"घासायला एक दिवस लागला," काठीला कुंकू लावत ती म्हणाली, "अन् हे बोलायला तीस वर्षं."