मडगार्डचा गंज

काल शेजारी कोणी तरी फाटकाचा गंज रॉकेलनं घासून राहिलं होतं. त्या वासासरशी मला आमचा सौंसरचा गोठा आठवला आणि त्यात उभी असलेली मालगुजाराची मोटार. कायद्यानं मालगुजाराची जमीनदारी गेली तेव्हा मालकानं ती गंजलेली मोटार बाबांना, म्हणजे आपल्या ड्रायव्हरला, देऊन टाकली होती.

राज्यांची नवी वाटणी होणार होती. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आमचं सौंसर मध्यप्रदेशातच राहणार. मी घरातला पहिला बी.ए., नागपूरच्या सरकारी कचेरीत कारकून. कोणत्या राज्याची नोकरी पाहिजे, ते लिहून द्यायचं होतं. मी 'मुंबई' लिहून शनिवारीच कागद देऊन आलो होतो.

रविवारी आम्ही दोघं मडगार्ड घासत होतो. बोटांच्या रेघांत तांबडी भुकटी बसली होती. बाबांनी मान वर न करता विचारलं, "कागद भरला काय रे?"

"अजून नाही, बाबा."

"मंग इकडचंच लिहिजो. छिंदवाड्याले बदली भेटली त मी सोडत जाईन तुले. बी.ए. साहेब मोटारीतून उतरन कचेरीपुढं!" मग घराकडे तोंड करून ओरडले, "आयकलं काय व? पोरगा इकडंच राहून राहिला!"

आई हात पुसत दारात आली आणि माझ्याकडे पाहून हसली.

तेव्हा वाटलं, मी त्यांचं मन राखलं. आज त्याला मी भित्रेपणाच म्हणतो. बाबा दुप्पट जोरानं घासू लागले, आणि मीही मान खाली घालून घासत राहिलो.