मागं थांबलेली माणसं

भोसरीत आमच्या वर्कशॉपसमोर एक बाई दुपारी झुणका-भाकर विकायची. तिची नजर गिऱ्हाइकाच्या तोंडावर नसायचीच, खांद्यामागं असायची. मी बहुतेकदा शेवटचा, तरी ताट देताना म्हणायची, "सरा बाजूला, मागं माणसं थांबल्यात." मला वाटायचं, तोंडात बसलंय.

एकदा मोबाइलवरची बातमी तिला वाचून दाखवली. जगाचं धान्य वाढवलं म्हणून एका शास्त्रज्ञाला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

"आता कुणी उपाशी राहायचं नाही, मावशी," मी हसत म्हणालो.

भाकरी थापणारे तिचे हात थांबले. ती माझ्या मागं बघत राहिली.

"व्हय? मग ह्यास्नी कुणी सांगितलं न्हाई. अजून उभीच हायेत."

मी वळून पाहिलं. रणरणतं ऊन, रिकामा रस्ता.

मी ताट घेतलं आणि बाजूला सरलो.