मामांचा भांडखोर मासा

जगात दोन जिवांचं कायमचं भांडण असू शकतं, हे माझ्या बायकोच्या मामांना मुळात मान्यच नव्हतं. एसटीत त्यांनी हयातभर कंडक्टरकी केली, ती कारंजा लाडच्या गाड्यांवर, आणि दोघांच्या सीटवर चौघं बसवताना त्यांना कधी घाम फुटला नाही. जागेवरून हमरीतुमरीवर आलेल्या दोन बायांना त्यांनी एकाच सीटवर बसवलं आणि उतरेपर्यंत एकीच्या भाचीची दुसरीच्या पुतण्याशी सोयरीक जमवली, हे ते प्रत्येक लग्नात हटकून सांगत. रिटायर झाले, मामी गेल्या, मुलगा पुण्याला. वाशिमजवळच्या मालेगावच्या घरात बसवायला माणसंच उरली नाहीत, म्हणून त्यांनी काचेच्या टाकीत मासे बसवायला घेतले.

पहिलाच आणला तो फ्लॉवरहॉर्न. कपाळावर हे एवढं टेंगूळ आणि स्वभाव म्हणाल तर बांधावर उभ्या भाऊबंदाचा. याला एकटाच ठेवा, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण जत्रेच्या गाडीत शंभर माणसं कोंबणारा माणूस ऐकतो होय! सोबतीला दोन गोल्डफिश सोडले, तर संध्याकाळी नुसत्या शेपट्या तरंगत होत्या. "ओयख नाई झाली अजून," मामा म्हणाले. मग जाडजूड ऑस्कर मासा आला. त्याला यानं असा दामटला की बिचारा आठवडाभर फिल्टरमागे तोंड लपवून होता. शेवटी दुकानात परत गेला. अखेर समजूत घालायला मामांनी स्वतःच पाण्यात हात घातला, तेव्हा पठ्ठ्यानं बोटाचाच चावा घेतला. बोटाला चिंधी गुंडाळत मामा कौतुकानं हसले आणि त्या दिवसापासून त्यांनी त्याच्यासाठी सोबत शोधणं सोडलं. दिवसभर दोघंच एकमेकांकडे बघत बसत.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा न्यायला आला, पण माशाला टाकून मामा हलेनात. शेवटी मी त्याला वाशिमला माझ्या घरी ठेवायचं कबूल केलं, तेव्हा कुठे गाडीत बसले. जाताना मला म्हणाले, "चावला तं समजा थो बरा हाय, जवाईबुवा."

तेव्हापासून रोज सकाळी पुण्याहून फोन येतो, चावला काय म्हणून. मीही इमानदारीत बोट घालून बघतो. माझ्या बोटांची चाळणी झाली, बायको मला येडा म्हणते, पण चावा बसला की मलाही बरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या चार दिवसांपासून तो तळाशी बसून आहे. दाण्याकडे बघत नाही. आज बोट घातलं, तर हळूच वर आला आणि नुसतं तोंड टेकवून राहिला. तेवढ्यात फोन वाजला.

"चावला काय?"

"चावला ना मामा. रगत काढलं."

पलीकडे मामा कितीतरी वेळ हसत होते. मग म्हणाले, हळद लावा. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. माझा दुसरा हात अजून पाण्यातच होता.