तज्ज्ञाच्या कपाळावरची पावडर

माझी मावशी बातम्यांच्या चॅनेलवर मेकअप करते. बावीस वर्षं झाली. पडद्यावर छाती काढून बोलणाऱ्यांच्या टकलावर पावडर कोण थापतं, तर आमची मावशी. कोण केस काळे करतो, कुणाला घामाच्या धारा लागतात, तिला सगळं ठाऊक. पण तिथलं घरी आणायचं नाही, हा तिचा नेम. युद्ध सुरू झालं आणि तो मोडला.

माझा भाऊ सीमेवरच्या चौकीत आहे. नऊ दिवस त्याचा फोन नव्हता. आई टीव्हीसमोरून हलत नव्हती. त्या दिवशी एक निवृत्त साहेब, हल्ली रोज तज्ज्ञ म्हणून मिरवतात ते, टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "त्या चौकीतली आपली सगळी पोरं सुखरूप आहेत. मी खात्रीने सांगतो." आईने डोळे पुसले आणि शेजारीपाजारी सांगत सुटली.

संध्याकाळी मावशी आली ती तणतणतच. "ताई, त्या मेल्याचं ऐकू नकोस. खुर्चीत बसला होता तेव्हा मीच विचारलं, माझा भाचा तिथे आहे म्हणून. म्हणाला, बाई, तिकडचं कुणालाच काही कळत नाहीये. आणि दहा मिनिटांत आत जाऊन खात्री द्यायला लागला."

आई उखडली. "एवढा मोठा माणूस खोटं बोलेल? तू आपली पावडर लाव, तुला काय कळतंय त्यातलं?"

मावशी पाणीही न घेता निघून गेली. मला तर वाटलं, तो टीव्ही उचलावा आणि खिडकीबाहेर भिरकावून द्यावा. खात्री म्हणे. कुठल्या दुकानात मिळते ही?

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. मी स्पीकर लावून आईसमोर धरला. "ताई, साहेब खुर्चीत आहेत, अर्धं तोंड रंगवून झालंय. घ्या साहेब, ही त्या पोराची आई. काल टीव्हीवर बोललात तेच हिला सांगा."

पलीकडे खुर्ची करकरली. मग तो कालचा आवाज आला, पण पार खाली गेलेला. "अहो, असं कसं सांगू? आई आहे ती. उद्या भलतंच काही निघालं तर?"

"काल देशभर सांगितलंत की," मावशी म्हणाली.

"ते वेगळं असतं, बाई."

आईने माझ्या हातातला फोन स्वतःकडे ओढला. "साहेब, मग माझा मुलगा आहे की नाही?"