लाभार्थीचा फोटो

"हात पुढं कर," सिस्टर म्हणाली. अम्मीनं दोन्ही हात पुढं केले.

ऑपरेशनला न्यायच्या आधी हातातलं सगळं काढावं लागतं, हे आम्हाला माहीत होतं. अम्मी मला म्हणाली, "बेटा, साबन निकाल." मी पिशवीत साबण शोधत होते, तेवढ्यात सिस्टरनं कात्री उलटी धरली आणि तिच्या दांड्यानं बांगड्या फोडल्या. आधी उजव्या हातातल्या, मग डाव्या. हिरवी काच चादरीवर पडली, फरशीवर पडली. एक तुकडा मनगटात घुसला. अम्मी स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

"मी काढल्या असत्या ना बाई," ती म्हणाली. "माझं कामच हाय ते."

"कार्डवाल्यांच्या मागं एवढा टाइम नसतो." मग माझ्याकडे वळून, "काचा उचल. डॉक्टरांच्या पायात जातील."

मी खाली बसले आणि काचा उचलल्या. राग आला असं इथं लिहिलं तर शोभेल. पण आला नाही. काहीच आलं नाही. पलंगाखाली एखादा तुकडा राहू नये, एवढंच मी बघत होते.

आम्ही मनियार. सेनगावच्या बाजारात आणि आसपासच्या गावांत बांगड्या भरतो. अम्मीनं जन्मभर तेच केलं, आता मी करते. आमच्या हातून बांगडी फुटली तर गिऱ्हाइकासमोर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. जुनी काढायची तर साबणाचा हात लावून, बोटं दाबून, अख्खी काढायची. मनगट कधी रिकामं ठेवायचं नाही. बाईच्या बांगड्या फोडतात ते एकदाच, तिचा नवरा गेल्यावर. माझे अब्बा बाहेर झाडाखाली बसून चहा पीत होते.

पडद्याच्या पलीकडच्या पलंगावर आमच्याच गावच्या मास्तरीणबाई होत्या. त्यांचंही त्याच दिवशी ऑपरेशन. ती सिस्टर तिकडे गेली. वाटीत पाणी आणलं, साबण आणला. "मॅडम, दुखत तर नाही ना?" मला ऐकू येत होतं. त्यांच्या सगळ्या बांगड्या अख्ख्या निघाल्या आणि रुमालात बांधून त्यांच्या नवऱ्याच्या, गावच्या सरकारी शाळेतल्या सरांच्या हातात दिल्या. त्या बांगड्या अम्मीनंच भरलेल्या होत्या, त्यांच्याच ओसरीवर बसून. भरून झाल्यावर मास्तरीणबाई अम्मीला वाकून नमस्कार करतात. आमच्याकडे सगळ्याच बायका करतात, तेव्हा कोणी जात-धर्म बघत नाही.

सर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "खर्चाचं काही टेन्शन नाही. बिल ऑफिसात टाकायचं, सरकार मंजूर करतं." तेही मी ऐकलं आणि सोडून दिलं.

ऑपरेशननंतर अम्मीला परत आणलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस मोबाईल घेऊन आला. सरकारी विम्याच्या कार्डावरचा पेशंट असला की पलंगावरचा फोटो वर पाठवावा लागतो, म्हणाला. त्यानं कार्ड अम्मीच्या छातीवर ठेवलं. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता, हात उघडे पडले होते. मी पदर ओढायला गेले.

"राहू दे. चेहरा नीट दिसला पाहिजे."

मी मागं सरकले. सुट्टी झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की मुतखडा निघाला, पण आत एक नळी ठेवली आहे. महिन्यानं येऊन काढून घ्यायची. राहिली तर किडनी जाईल. गाडीत बसेपर्यंत अब्बा तेच घोकत होते, नळी काढायची, नळी काढायची.

त्या महिन्यात आमच्या घरी एक बाई रडत आली. आमचं जुनं गिऱ्हाईक, कनेरगाव नाक्याकडची. अब्बा ओट्यावर बसून बांगड्यांचे जोड लावत होते. त्यांना बघितलं आणि ती दारातच थांबली. रडणंही थांबलं.

"तुमी हाव?" ती म्हणाली.

"हाव की. काहून?"

सेनगावच्या स्टँडवर बॅनर लागला होता. हिंगोलीच्या त्याच हॉस्पिटलचा. मधोमध अम्मीचा फोटो. डोक्यावर पदर नाही, डोळे अर्धे मिटलेले, दोन्ही मनगटं रिकामी, छातीवर कार्ड. खाली लिहिलेलं, 'आमच्या समाधानी लाभार्थी'. बांगड्या भरणाऱ्या बाईचे हात मोकळे दिसल्यावर दुसरा काय अर्थ लावणार? तिला वाटलं, अब्बा गेले. ती मयतीला म्हणून एसटीनं आली होती. अब्बांनी मला तिच्यासाठी चहा करायला सांगितलं. ते हसले, तीही हसली. अम्मी आत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवसापासून ती बाजाराला यायचं नाव काढेना.

महिना झाला. अम्मीला थंडी वाजून ताप येत होता, लघवीला रक्त जात होतं. आम्ही हॉस्पिटलला गेलो. खिडकीवरच्या माणसानं आम्हाला ओळखलं.

"बरं झालं आले. रविवारी कार्यक्रम हाय. डॉक्टर साहेबांनी तुमालाच बोलवायचं ठरवलंय. दोन शब्द बोला, आभार माना. सोमवारी नळी काढून टाकू."

"ताप हाय हो तिला," मी म्हणाले.

"मग रविवारी नक्की या."

त्यानं गोळ्या लिहून दिल्या. आम्ही घरी आलो.

रविवारी अम्मीला उठवत नव्हतं, मी एकटी गेले. सभागृह भरलेलं होतं. वादविवादाचा विषय फळ्यावर लिहिला होता, 'आरोग्य विमा सर्वांना सक्तीचा असावा का?' मला स्टेजवर कडेच्या खुर्चीत बसवलं. मागं तोच बॅनर, तोच फोटो, आता भिंतीएवढा.

आधी आमच्या गावचे सर बोलले. ते विरोधी बाजूनं होते. म्हणाले, "फुकट मिळालं की माणसाला किंमत राहत नाही. आम्ही टॅक्स भरायचा आणि यांनी कार्ड दाखवायचं, हे किती दिवस?" टाळ्या पडल्या. मग डॉक्टर उठले. ते सक्तीच्या बाजूनं होते. म्हणाले, "या लोकांना स्वतःचं भलं कळत नाही. खेड्यातली माणसं ताप अंगावर काढतात, मरायला टेकली की आमच्याकडे आणतात. म्हणून सक्तीच पाहिजे." त्यांनाही टाळ्या पडल्या. दोघंही बोलताना माझ्याकडे बोट करत होते.

मी ऐकत बसले होते. आणि सरांचा फोनवरचा आवाज आठवला. बिल ऑफिसात टाकायचं, सरकार मंजूर करतं. त्यांचा पैसा सरकारचा, आमचाही सरकारचा. मी साबण घेते, चहापत्ती घेते, मोबाईलला रिचार्ज मारते, प्रत्येकावर टॅक्स भरते. त्यांना मिळतो तो हक्क. आम्हाला मिळतं ते फुकट. हे कळायला मला एवढे दिवस लागले आणि कळलं तेव्हाही अंगात काही पेटलं नाही. उलट सगळं गार पडलं. दिसायला मात्र स्वच्छ लागलं.

माईक माझ्या हातात दिला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई कानात म्हणाल्या, "सरकारचे आणि डॉक्टर साहेबांचे आभार मान. दोनच वाक्यं."

मी म्हणाले, "ह्या फोटोतली माझी अम्मी हाय. तिचा नवरा जिता हाय. तुमच्या फोटोपायी लोक आमच्या घरी मयतीला येऊन राहिले."

कोणीतरी हसलं.

"त्याच दिवशी सरांच्या घरच्यांचं आपरेशन झालं. त्यांचं बिल बी सरकारनंच दिलं. मग त्यांचा फोटो काहून न्हाई लावला?"

हसणं थांबलं. पहिल्या रांगेत मास्तरीणबाई होत्या. त्यांनी मान खाली घातली.

"मी आभार मानत न्हाई. अम्मीच्या पोटात तुमची नळी हाय. तापानं फणफणून राहिली ती. ती नळी काढा."

माईक बंद झाला होता. शेवटचं वाक्य पहिल्या रांगांनाच ऐकू गेलं असेल. स्टेजवरून उतरताना डॉक्टर हळूच म्हणाले, "आता कोण काढतं ते बघू." मी कुणाच्या जिवावर बोलून आले, ते तिथं कळलं. माझ्या नाही, अम्मीच्या.

घरी अब्बा खूप बोलले. "दोन शब्द गोड बोलली असती तर तोंड झिजलं असतं का तुझं? तिला काई झालं म्हंजे?" अम्मी पडल्या पडल्या सगळं ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "कल सुबू कौनसी गाडी है?"

सोमवारी आम्ही पहिल्या गाडीनं गेलो. हॉस्पिटलात कार्डवाल्यांसाठी बाहेर संडासाजवळ बाकडं आहे. आत पंख्याखाली खुर्च्या आहेत, त्या पैसे भरणाऱ्यांच्या. मी अम्मीला धरून आत नेलं आणि खुर्चीत बसवलं. शेजारी मी बसले.

"कार्डवाले बाहेर," खिडकीवरचा माणूस म्हणाला.

"हिचा नंबर लावा."

"डॉक्टर साहेब न्हाई म्हणलेत."

"मग तसं लिहून द्या. नळी आमी ठेवली, पण काढत न्हाई. खाली सही, शिक्का. मी कलेक्टर कचेरीत घेऊन जाते, आजच."

तो खुर्चीवरून उठला. मग आत गेला, बाहेर आला, म्हणाला, "बसा. संध्याकाळ होईल."

"होऊ द्या."

अम्मीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, कढत. तिची नळी निघेल की किडनी जाईल, मला तेव्हा माहीत नव्हतं. एवढं माहीत होतं की मी हात जोडणार नाही. बाहेरच्या बाकड्यावर एक म्हातारा येऊन बसला. खिशातून कार्ड काढून त्यानं दोन्ही हातांत धरलं. मी उठून दारात गेले आणि त्याला म्हणाले, "बाबा, आत या."

"ओरडतेन ना माय."

"ओरडू द्या. आत येऊन बसा."