काकांच्या बसला धक्का नको

आमच्या ग्रुपचे किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. कंप्युटरच्या मागे वायरींचा गुंता साचतो तसे. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. त्यातले बरेचसे संत्याच्या बाबांचे.

संत्याचे बाबा, म्हणजे आमचे काका, जन्मभर मुंबईत बस चालवत होते. ते रिटायर झाले, नायगावची चाळ जाऊन टॉवरमधलं घर मिळालं, आणि काका खिडकीला जे चिकटले ते खालून जाणाऱ्या बस बघतच राहिले. बोलणं कमी, जेवण कमी. संत्याचा जीव वरखाली व्हायला लागला. शेवटी त्याने आपल्या जुन्या कंप्युटरवर बस चालवायचा गेम टाकला, स्टिअरिंग आणि पेडल जोडली आणि काकांना खुर्चीत बसवलं.

काका कितीतरी दिवसांनी हसले. पण पहिल्याच सिग्नलला गेम अडखळला. चित्र थांबलं आणि मग एकदम पुढे उडालं. काकांनी स्टिअरिंग सोडलं.

"माझ्या बसमध्ये उभा असलेला पॅसेंजर कधी पडला नाही," ते म्हणाले आणि परत खिडकीत जाऊन बसले.

आम्हाला हसू आलं, संत्याला नाही. "विन्या, काय पण कर, हा जर्क काढ," तो मला म्हणाला. मी कंप्युटर रिपेअर करतो. मित्रांच्या घरचा चहा मला फुकट पडत नाही.

* * *

मी टास्क मॅनेजर उघडला आणि काकांना समजावलं. कंप्युटरमध्ये एकाच वेळी बरीच कामं चालू असतात, सगळी प्रोसेसरसमोर लाइन लावून उभी असतात. गेमची प्रायॉरिटी 'हाय' केली की त्याचा नंबर आधी लागतो.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्टॉपवर लाइन तोडून चढतोय. "आणि बाकीचे लाइनीत उभे आहेत, ते काय येडे आहेत?"

बरीच हुज्जत झाली. शेवटी एक पायरी खालची 'अबव्ह नॉर्मल' त्यांना पटली. "हे चालेल. सिनियर सिटिझनची सीट."

जर्क कमी झाला, गेला मात्र नाही.

* * *

संत्याला धीर नाही. पुढच्या रविवारी मी बेसिनवर हात धूत होतो, तेवढ्यात याने गेमला 'रिअल टाइम' देऊन टाकलं. सगळ्यात वरचं म्हणजे सगळ्यात भारी, असा त्याचा हिशोब.

आता गेम दुसऱ्या कोणाला प्रोसेसर देईचना. माउस मेला, कीबोर्ड मेला, स्टिअरिंग आणि ब्रेकही मेला. बस मात्र सुसाट! काका पेडलवर अक्षरशः उभे राहिले. संत्याने धावत जाऊन प्लगच उपटला.

काळ्या स्क्रीनसमोर काका घाम पुसत म्हणाले, "डेपोत कळव. ब्रेक फेल."

* * *

मग मी प्रोसेसरच्या चार कोरची, म्हणजे त्याच्या चार हातांची, वाटणी केली. तीन फक्त गेमला, उरलेल्या एकावर बाकी सगळं. काकांची बस बरीच सुधारली. दोन स्टॉप पार पडले आणि काकी हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

त्याच कंप्युटरवरून त्यांच्या ओट्यावरच्या स्पीकरला दशावतार चालू होता, हे आम्ही कोणी लक्षातच घेतलं नव्हतं. देव राक्षसाला दम देता देता मध्येच अडकला होता.

"ह्येंची बस चलाक व्हयी म्हणान माझो देव थांबयलंस?" काकींनी मला मालवणीत विचारलं. मी एक कोर देवाला परत दिला, आणि बसचा जर्क परत आला.

* * *

आम्ही दोघं हात टेकायच्या बेतात असताना संत्याची बायको प्राची म्हणाली, "प्रोसेसर फुल जोरात चालतोय का, ते बघितलंत?"

नव्हतं बघितलं. सेटिंग उघडलं तर कंप्युटर 'पॉवर सेव्हर'वर. प्रोसेसरला अर्ध्याच्या वर जायची परवानगीच नाही. संत्या म्हणाला मी हात लावला नाही, मी म्हणालो मी नाही.

काकांनी घसा खाकरला. "मी केलं, पहिल्याच दिवशी. गाडी हातात आली की पहिलं डिझेलचं ॲव्हरेज बघायचं, सवय आहे."

* * *

सेटिंग बदललं, आणि त्या संध्याकाळी बस लोण्यासारखी निघाली. सिग्नल, वळण, चढण, कुठे म्हणून धक्का नाही. काकांचा चेहरा बघून संत्याचे डोळे भरले. माझेही, उगाच का खोटं बोलू?

एवढी वर्षं काकांनी बस चालवली, पण काकी त्यांच्या बसमध्ये एकदाही बसल्या नव्हत्या. ड्युटीवर घरचं माणूस नको, लक्ष जातं, हा काकांचा नियम. त्या दिवशी काकी स्टूल घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसल्या. मांडीवर पर्स होती. काकांनी एकदा पाहिलं आणि नजर परत रस्त्यावर लावली.

बस शेवटच्या स्टॉपला लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी हँडब्रेक ओढला, सगळे पॅसेंजर उतरेपर्यंत थांबले आणि मग डावीकडे वळले.

"लास्ट स्टॉप इलो. उतर."

काकींनी पर्स घट्ट धरली. "मी बसान रवतंय. परतीची खेप कोण मारतलो?"